आजोबांचा धर्म, नातवाची शिक्षा

(युवा अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझा बराचसा दिवस डेटाबेसमध्ये जातो. माणसांची नोंद ठेवायची म्हटली की आम्हाला आधी एक गोष्ट ठरवावी लागते : कोणता रकाना माणसाला पुढे बदलता येईल आणि कोणता कायमचा बंद राहील? पत्ता बदलतो, मोबाईल नंबर बदलतो, लग्नानंतर आडनाव बदलू शकतं. जन्मतारीख बदलत नाही. धर्म कोणत्या गटात येतो? तुम्ही म्हणाल, धर्म म्हणजे श्रद्धा, आणि श्रद्धा माणसाच्या मनाची असते, म्हणजे पहिल्या गटात. आज मी ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहे, तिथे राज्यसत्तेने धर्माचा रकाना उचलून दुसऱ्या गटात टाकला. तू काय मानतोस याला किंमत उरली नाही. तुझा आजोबा कोण होता, एवढंच विचारलं जाऊ लागलं.

ही गोष्ट स्पेन आणि पोर्तुगालची आहे, साधारण १४५० ते १६१५ या काळातली, आणि त्या दोन देशांनी समुद्रापार ज्या वसाहती उभ्या केल्या त्यांचीही आहे. अंदलुस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अल्हम्ब्रा येतो, कुर्तुबाची मशीद येते. आपण त्या वैभवाचे फोटो एकमेकांना पाठवतो, हळहळतो आणि १४९२ला गोष्ट संपवतो. पण राजा हरला म्हणून प्रजा नाहीशी होत नाही. त्यानंतर सव्वाशे वर्षं तिथे मुसलमान घरं होती. त्या घरांचं काय झालं, हे समजून घेणं मला महालांपेक्षा जास्त गरजेचं वाटतं.

सुरुवात टोलेडोत झाली

सुरुवात मुसलमानांपासून झालेली नाही, ज्यूंपासून झाली. १३९१मध्ये सेव्हिलपासून सुरू झालेल्या दंगलींत स्पेनमधल्या अनेक शहरांत ज्यूंच्या कत्तली झाल्या. जीव वाचवण्यासाठी हजारो ज्यूंनी बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या शिकवणीप्रमाणे बाप्तिस्मा घेतलेला माणूस पूर्ण ख्रिश्चन असतो. त्यामुळे या लोकांना, त्यांना 'कॉन्व्हर्सो' म्हणत, आधी बंद असलेले दरवाजे उघडले. पुढच्या दोन पिढ्यांत ते नगरपालिकेत, करवसुलीत, दरबारात, चर्चमध्येसुद्धा मोठ्या जागांवर पोचले.

१४४९मध्ये टोलेडो शहराकडून राजाच्या मंत्र्याने दहा लाख मारावेदींची मागणी केली. मारावेदी हे तिथलं नाणं. लोक भडकले. वसुलीशी संबंध असलेल्या एका कॉन्व्हर्सो व्यापाऱ्याचं घर जाळलं गेलं. बंडाचा म्होरक्या पेद्रो सार्मिएंतो याने ५ जून १४४९ रोजी एक फर्मान काढलं : ज्यांचे पूर्वज ज्यू होते, त्यांना शहरात कोणतंही सरकारी पद मिळणार नाही. ते स्वतः ख्रिश्चन आहेत का, चर्चमध्ये जातात का, याचा विचारच नव्हता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोप निकोलस पाचवा याने हे फर्मान धर्मविरोधी म्हणून धिक्कारलं. हे मुद्दाम सांगतो, कारण 'तो काळच तसा होता' असं म्हणून आपण इतिहास गुंडाळून ठेवतो. त्या काळातही हे चुकीचं आहे असं म्हणणारे होते, आणि तेही सर्वोच्च धर्मपीठावर. तरी कल्पना टिकली. याचं कारण धर्मात सापडत नाही, नोकऱ्यांत सापडतं. एका जागेसाठी दोन माणसं रांगेत उभी असतील आणि दुसरा जास्त शिकलेला असेल, तर त्याच्या आजोबाचा धर्म काढणं हा त्याला रांगेतून हटवण्याचा सोपा मार्ग होता.

या कल्पनेला नाव मिळालं 'लिंपिएसा दे सांग्रे', म्हणजे रक्ताची शुद्धता. ज्यांच्या घराण्यात ज्यू किंवा मुसलमान पूर्वज नाही ते 'जुने ख्रिश्चन' आणि बाकीचे 'नवे ख्रिश्चन'. नवा ख्रिश्चन कितीही पिढ्यांनी जुना होत नव्हता.

आठ वर्षं टिकलेला करार

आता ग्रॅनाडाकडे येऊ. २ जानेवारी १४९२ला शहर शरण गेलं. त्याआधी, नोव्हेंबर १४९१मध्ये, लेखी करार झाला होता. मुसलमानांच्या मशिदी राहतील, त्यांचे काझी त्यांच्या कायद्याने निवाडे करतील, कोणालाही जबरदस्तीने ख्रिश्चन केलं जाणार नाही, असं त्यात राजा फर्नांदो आणि राणी इसाबेल यांनी कबूल केलं होतं. ग्रॅनाडाचा पहिला आर्चबिशप एर्नांदो दे तालावेरा सबुरीचा माणूस होता. त्याचं म्हणणं असं की समजावून सांगावं, आणि त्यासाठी पाद्र्यांनी अरबी शिकावी. तालावेरा स्वतः कॉन्व्हर्सो घराण्यातला होता, आणि पुढे इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, त्याच्याच नातेवाइकांना तुरुंगात टाकलं.

१४९९मध्ये कार्डिनल सिस्नेरोस तिथे आला. त्याने सामूहिक बाप्तिस्मे सुरू केले आणि अरबी ग्रंथ चौकात जाळले. वैद्यकाचे तेवढे वाचवले, ते उपयोगाचे होते. करार मोडायला त्याने फट शोधली ती कुटुंबातच. पूर्वी ख्रिश्चन असून मुसलमान झालेली काही घरं ग्रॅनाडात होती. यांच्या मुलांवर चर्चचा हक्क आहे, असा दावा त्याने केला. अशाच एका घरातल्या तरुणीला शिपाई पकडून नेत असताना अल्बायसिन मोहल्ल्यात लोक रस्त्यावर उतरले. सरकारने याला बंड ठरवलं आणि सांगितलं की तुम्ही करार मोडलात, आता आम्हीही बांधील नाही. १५०२मध्ये कॅस्टिल राज्यातल्या सगळ्या मुसलमानांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग, एवढेच दोन पर्याय ठेवले गेले. १५२६पर्यंत हेच आरागॉन आणि व्हॅलेन्सियात झालं. आता कागदोपत्री स्पेनमध्ये एकही मुसलमान उरला नव्हता. होते ते 'मोरिस्को'.

घराच्या आत

कागदावर धर्म बदलला, पण घरात काय चाललं होतं? १५०४मध्ये ओरान शहराशी नातं सांगणाऱ्या अहमद इब्न अबी जुमा या मुफ्तींनी त्यांच्यासाठी एक फतवा लिहिला. फार माणुसकीचा फतवा आहे तो. नमाज उघड पढता येत नसेल तर इशाऱ्याने पढा, दिवसा जमत नसेल तर रात्री पढा, वुजूसाठी पाणी वापरणं धोक्याचं असेल तर भिंतीला हात लावून पुसा, जबरदस्तीने निषिद्ध खायला लावलं तर मनात ते निषिद्धच माना. माणसाचा जीव आणि त्याची नियत या दोन्ही गोष्टी त्यांनी वाचवायचा प्रयत्न केला.

बाळाचा बाप्तिस्मा चर्चमध्ये व्हायचा. घरी आणल्यावर त्याच्या कपाळावरचं पवित्र तेल धुतलं जायचं आणि सातव्या दिवशी दुसरं नाव ठेवलं जायचं. आपल्याकडच्या अकीक्याची आठवण व्हावी असा हा विधी. बाहेर फ्रान्सिस्को, घरात अहमद. एका माणसाला दोन नावं, आणि कोणतं नाव कुठे उच्चारायचं हे मुलाला बोलायला शिकतानाच शिकावं लागायचं.

आरागॉनमधल्या बऱ्याच लोकांची अरबी तोवर सुटली होती. ते स्पॅनिश बोलायचे, पण लिहायचे अरबी लिपीत. दीनच्या गोष्टी, दुआ, पैगंबरांच्या कथा, सगळं त्यांनी आपल्या बोलीभाषेत आणलं. आपल्यापैकी अनेकांनी कुराणाचा अर्थ पहिल्यांदा मराठीतून वाचला आहे, त्यांना हे फार दूरचं वाटणार नाही. १८८४मध्ये अल्मोनासिद दे ला सिएरा या गावात एक जुनं घर पाडताना खोट्या जमिनीखाली अशा हस्तलिखितांचा साठा सापडला. लपवणारा कधीतरी परत येऊ म्हणून गेला असणार. पुस्तकं पावणेतीनशे वर्षं तिथेच राहिली.

सत्तेलाही कळत होतं की धर्म घरात राहतो. म्हणून इन्क्विझिशनची नजर स्वयंपाकघरावर होती. डुकराच्या चरबीऐवजी ऑलिव्ह तेलात स्वयंपाक, शुक्रवारी स्वच्छ कपडे, वारंवार अंघोळ, हाताला मेहंदी, जमिनीवर बसून जेवण, अशा गोष्टी संशयाचा पुरावा ठरल्या. तक्रार करणारा बहुतेक वेळा शेजारी, मोलकरीण किंवा घरातलाच माणूस असे. घरातलं शिक्षण बायकांच्या हाती होतं, म्हणून आरोपींमध्ये बायकांची संख्याही मोठी होती. आजी नातवाला दुआ शिकवते, हा तिथे गुन्हा होता.

एका म्हाताऱ्या माणसाचा अर्ज

१ जानेवारी १५६७ला फेलिपे दुसरा याचा हुकूम ग्रॅनाडात जाहीर झाला. तीन वर्षांत सगळ्यांनी कॅस्टिलियन भाषा शिकायची, त्यानंतर अरबी बोलणं-लिहिणं गुन्हा. मोरिस्को पोशाख बंद. बायकांनी तोंड झाकायचं नाही. हमाम बंद. मुस्लिम नावं आणि आडनावं बंद. शुक्रवारी आणि सणाच्या दिवशी घराचं दार उघडं ठेवायचं.

याविरुद्ध फ्रान्सिस्को नुन्येझ मुलेय नावाच्या वृद्ध मोरिस्को सरदाराने न्यायालयाच्या अध्यक्षाकडे निवेदन दिलं. लहानपणी तो तालावेराच्या पदरी होता. त्याचं निवेदन मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण त्यात रडगाणं नाही, मुद्दे आहेत. तो सांगतो की आमचा पोशाख हा धर्माचा पोशाख नाही, तो या प्रांताचा आहे. मोरोक्कोतले मुसलमान वेगळे कपडे घालतात, तुर्क वेगळे. मग मुस्लिम पोशाख नेमका कोणता? अरबी भाषा म्हणजे इस्लाम नाही, पूर्वेकडचे ख्रिश्चन अरबी बोलतात आणि तरी ख्रिश्चनच आहेत. हमाम अंग धुण्यासाठी असतो. गरीब बाईकडे एकच घागरा असतो, तो टाकून नवा शिवायला पैसे कुठून आणायचे? आणि आडनावं पुसली तर कोण कोणाचं हे कसं कळणार, घराणीच हरवतील.

धर्म, संस्कृती आणि प्रांत या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या माणसाने साडेचारशे वर्षांपूर्वी इतक्या स्वच्छपणे मांडलं. सरकारने ऐकलं नाही.

डिसेंबर १५६८मध्ये आल्पुहारासच्या डोंगरात बंड झालं. बंडवाल्यांनी राजा निवडला तो ग्रॅनाडा नगरसभेचा सदस्य एर्नांदो दे कोर्दोबा इ व्हालोर. त्याने नाव घेतलं इब्न उमय्या, कारण त्याचं घराणं कुर्तुबाच्या उमय्या खलिफांपासून आल्याचं सांगितलं जाई. बंडवाल्यांनी गावांतल्या पाद्र्यांना आणि जुन्या ख्रिश्चनांना क्रूरपणे मारलं. सरकारी फौजांनी त्याहून मोठ्या प्रमाणावर गावं उद्ध्वस्त केली, हजारो बायका-मुलं गुलाम म्हणून विकली. इब्न उमय्याला वर्षभरात त्याच्याच लोकांनी ठार केलं. बंड मोडल्यावर सुमारे ८० हजार मोरिस्कोंना ग्रॅनाडातून उठवून कॅस्टिलभर पांगवलं गेलं, ज्यांनी बंडात भागच घेतला नव्हता त्यांनाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. 'तुझा पूर्वज कोण?' या प्रश्नाला बंडवाल्यांनी उत्तर दिलं, 'आमचा पूर्वज खलिफा.' उत्तर दमदार होतं. पण प्रश्न त्यांनी मान्य केला होता.

वंशावळीची चौकशी

याच काळात वंशावळ तपासणं हा पूर्ण व्यवसाय बनला होता. १५४७मध्ये टोलेडोच्या कॅथेड्रलने शुद्ध रक्ताचा नियम लागू केला. तो आणणारा आर्चबिशप सिलिसेओ गरीब शेतकरी घरातून आलेला होता. घराणेशाहीच्या समाजात गरीब माणसाला प्रथमच असं काहीतरी मिळालं होतं, जे शिकलेल्या आणि श्रीमंत माणसाकडे नव्हतं. लोकांना ही व्यवस्था आवडली, यामागे हेही कारण आहे. वरून लादलेला अन्याय खालच्या माणसाला थोडा मोठेपणा देऊन टिकतो.

चर्चमधलं पद हवं, विद्यापीठातलं वसतिगृह हवं, लष्करी संघटनेत प्रवेश हवा, तर अर्जदाराने आई-वडील आणि चारही आजी-आजोबांची नावं, गावं द्यायची. मग चौकशी अधिकारी अर्जदाराच्या खर्चाने त्या गावांत जाऊन म्हाताऱ्यांचे जबाब घ्यायचे. पुरावा काय? तर लोक काय बोलतात. त्यामुळे गावातल्या एका वैऱ्याचं एक वाक्य घराणं बुडवायला पुरे होतं. सेव्हिलमध्ये तर लोकांच्या वंशावळी खणून काढून पैसे उकळणाऱ्यांचा धंदाच चालत होता. ज्यांना शिक्षा झाली त्यांचे 'सानबेनितो' नावाचे अंगरखे नावासकट चर्चमध्ये टांगून ठेवत, म्हणजे पुढच्या पिढ्यांनाही ते दर रविवारी दिसावेत.

या यंत्रणेतून कोण निसटलं याचं उत्तर सोपं आहे : ज्यांच्याकडे पैसा होता ते. संत तेरेसा हे स्पेनमधलं केवढं मोठं नाव. तिच्या आजोबाला, हुआन सांचेझला, १४८५मध्ये टोलेडोच्या इन्क्विझिशनने गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल सार्वजनिक प्रायश्चित्त घ्यायला लावलं होतं. कुटुंब आविला शहरात गेलं, व्यापार केला आणि कोर्टात दावा लावून खानदानी असल्याचा दाखला मिळवला. १६२२मध्ये चर्चने तिला संतपद दिलं. हा दावा अभ्यासकांच्या नजरेस आला तो थेट विसाव्या शतकात. देशाने जिला डोक्यावर घेतलं, ती त्याच देशाच्या नियमाने अशुद्ध होती.

हद्दपारी

२२ सप्टेंबर १६०९ला व्हॅलेन्सियात हद्दपारीचा हुकूम वाचला गेला. १६१४पर्यंत सुमारे तीन लाख माणसं स्पेनमधून घालवली गेली. व्हॅलेन्सिया प्रांताची तर जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या गेली, शेतं ओस पडली. हे लोक कागदोपत्री ख्रिश्चन होते. त्यांच्यात मनापासून ख्रिश्चन झालेलेही होते. म्हणजे एका ख्रिश्चन राज्याने आपल्याच धर्माचे बाप्तिस्मा झालेले लोक मुस्लिम देशांत पाठवले. धर्माचा रकाना एकदा बंद केला की हेच होतं, माणूस काहीही करो, नोंद बदलत नाही.

त्या हुकुमातली कुटुंबाबद्दलची कलमं बघा. बाप जुना ख्रिश्चन असेल तर सहा वर्षांखालची मुलं राहतील आणि त्यांची मोरिस्को आईसुद्धा राहील. बाप मोरिस्को आणि आई जुनी ख्रिश्चन असेल तर बापाला घालवायचं, सहा वर्षांखालची मुलं आईजवळ ठेवायची. चार वर्षांखालच्या मुलांना, पालकांची तयारी असेल तर, मागे ठेवता येईल. एखाद्या कारकुनाने हे शांतपणे बसून लिहिलं असेल. वय, बापाचं रक्त, आईचं रक्त, आणि त्यानुसार निर्णय. मी रोज असे नियम लिहितो, 'अट पूर्ण झाली तर हे करा, नाहीतर ते करा.' त्या ओळींच्या दुसऱ्या टोकाला बंदरावर उभं असलेलं कुटुंब असू शकतं, याचं भान मला या हुकुमाने दिलं.

ट्युनिशियात या लोकांनी तेस्तूरसारखी गावं वसवली, लाल टोप्यांचा उद्योग वाढवला. मोरोक्कोत रबात आणि सालेमध्ये ते स्थिरावले. तिथेही सगळं सोपं नव्हतं. स्पॅनिश बोलणाऱ्या, स्पॅनिश कपड्यांतल्या या माणसांकडे तिथले मुसलमान संशयाने पाहत. इकडे अर्धे मुसलमान, तिकडे अर्धे ख्रिश्चन. आणि सगळेच गेले असंही नाही. व्हियारुबिया दे लोस ओखोस या गावातले मोरिस्को पुन्हा पुन्हा घालवूनही परत आले आणि शेजाऱ्यांनी त्यांना सांभाळून घेतलं. हुकूम काढणाऱ्यांइतकेच असे शेजारीही इतिहासात असतात.

समुद्रापार

ही कल्पना जहाजातून वसाहतींत गेली. १५०१पासूनच ज्यू, मुसलमान आणि नवे ख्रिश्चन यांना अमेरिकेत जायला मनाई होती. तिथे गेल्यावर स्पॅनिश, मूळ रहिवासी आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम यांच्या संबंधांतून जन्मलेल्या मुलांना 'कास्ता' म्हणून वर्गांत बसवलं गेलं. अठराव्या शतकात मेक्सिकोत याची चित्रमालिकाच काढत : एका चौकटीत बाप, आई, मूल आणि खाली मुलाच्या जातीचं नाव. ग्रॅनाडातला वंशावळीचा प्रश्न आता कातडीच्या रंगाला जोडला गेला. फिलिपिन्समध्ये मुसलमान भेटले तेव्हा स्पॅनिश लोकांनी त्यांना आपल्या घरचंच नाव दिलं, 'मोरो'.

'कास्ता' हाच शब्द पोर्तुगीजांनी आपल्याकडच्या जातींसाठी वापरला. इंग्रजीतला 'कास्ट' त्यातूनच आला.

पोर्तुगीजांबरोबर ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावर पोचते. गार्सिया द ऑर्ता याचे आईवडील १४९२मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. पोर्तुगालमध्ये आले तर १४९७मध्ये तिथे सक्तीचा बाप्तिस्मा. मुलगा वैद्य झाला आणि १५३४मध्ये गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारात त्याचं जाणं-येणं होतं, मुस्लिम हकीम आणि हिंदू वैद्य यांच्याशी त्याच्या चर्चा चालत, मुंबईचं बेट त्याला पट्ट्याने मिळालं होतं. १५६३मध्ये गोव्यात त्याचं भारतीय औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. पण १५६०पासून गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं होतं. १५६८मध्ये ऑर्ता वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जाळण्यात आलं. आणि १५८०मध्ये, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, त्याची हाडं उकरून काढून जाळली गेली. कबरीतही रकाना बदलत नव्हता.

गोव्यातल्या स्थानिक ख्रिश्चनांना काय अनुभव आला? दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण घरातला मातेउश द कास्त्रो पाद्री व्हायला निघाला. गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा नाकारली म्हणून तो रोमला गेला आणि १६३७मध्ये बिशप झाला. गोव्याची पोर्तुगीज मंडळी त्याला शेवटपर्यंत बरोबरीचा मानायला तयार नव्हती. यावर गोव्याच्या ख्रिश्चन समाजाने काय केलं? १७०२मध्ये ब्राह्मण ख्रिश्चनांचं कुळ किती थोर, हे सांगणारं एका पाद्र्याचं पुस्तक आलं. १७१३मध्ये चारडो ख्रिश्चनांचं कुळ खरं थोर, असं सांगणारं दुसऱ्या पाद्र्याचं पुस्तक आलं. पोर्तुगीज म्हणतात तुमचं रक्त हलकं. हे उत्तर देतात, आमचं हलकं नाही, शेजाऱ्याचं आहे.

मग आपण काय घ्यायचं?

पोर्तुगालने जुना-नवा ख्रिश्चन हा भेद १७७३मध्ये कायद्याने रद्द केला. स्पेनमध्ये रक्तशुद्धीच्या शेवटच्या अटी १८६५मध्ये गेल्या. जेझुइट संघटनेने १५९३मध्ये घातलेली वंशाची अट १९४६पर्यंत वहीत होती. आणि २०१५मध्ये स्पेनने कायदा केला की १४९२मध्ये हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना, पुरावा दिल्यास, नागरिकत्व मिळेल; त्यासाठी अर्ज करण्याची मुदत २०१९मध्ये संपली. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी असा कायदा झाला नाही. हा दुजाभाव आहे, आणि तो बोलून दाखवायलाच हवा. पण त्याचबरोबर हेही बघा की प्रश्न अजून तोच आहे : तुझा पूर्वज कोण? पूर्वी त्या उत्तराने हाकलायचे, या कायद्याने त्याच उत्तराने आत घेतलं.

आपल्यालाही हा प्रश्न विचारला जातो. तुम्ही मूळचे कुठले? बाहेरून आलात की बाटलात? आपल्यातले काही जण लगेच अरबस्तानापर्यंतचा शजरा काढतात. काही जण उलट, आम्ही इथलेच, आमचे पूर्वज हिंदूच होते, असं अजिजीने सांगतात. माझ्या मते दोन्ही उत्तरं देऊ नयेत. खरी माहिती लपवायची नाही, ती घरात जपायची, आजीकडून ऐकून लिहून ठेवायची. पण नागरिक म्हणून माझा हक्क त्या माहितीवर टांगलेला नाही. भारतीय संविधानाचा पंधरावा अनुच्छेद धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला राज्याला मनाई करतो. पंचविसावा अनुच्छेद सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतो. म्हणजे धर्माचा रकाना माणसाच्या स्वतःच्या हातात. १४९१चा करार एका राजाने दिलेला शब्द होता, तो आठ वर्षांत मोडला. संविधान कोणी आपल्याला बहाल केलेलं नाही, त्याचे मालक आपणही आहोत. ते टिकवण्याचं काम वकिलांवर आणि पुढाऱ्यांवर सोडून चालणार नाही.

आणि एक अवघड गोष्ट बोलतो. आपल्या घरात लग्नाची बोलणी सुरू होतात तेव्हा 'खानदान' म्हणून काय विचारलं जातं? सय्यद आहेत का, पठाण आहेत का, की बागवान, अत्तार, पिंजारी, कसाई? मुलगी शिकलेली, मुलगा चांगला, दोघांची पसंती, तरी बिरादरी आडवी येते. इस्लाममध्ये सगळे समान, हे आपण व्यासपीठावरून सांगतो आणि घरी जाऊन टोलेडोचं फर्मान लागू करतो. शिक्षा तेवढी नसते, पण हिशेब तोच असतो. मुस्लिम ओबीसींनी आपल्या हक्काची मागणी केली की ज्यांना 'मुसलमानांत जात नसते' हे वाक्य आठवतं, त्यांनी आपल्या घरातल्या गेल्या तीन निकाहांची बिरादरी आठवून पाहावी.

बाहेरच्याने आपल्याला आजोबांवरून मोजू नये असं वाटत असेल, तर आपणही कोणाला आजोबांवरून मोजणं थांबवलं पाहिजे. मुलेयने आपल्या अर्जात समोरच्याच्या तर्कातली खोट दाखवली, आणि ती दाखवताना दुसऱ्या कोणाला हलकं ठरवलं नाही. वाद घालायचा तर तसा घालावा, असं मला वाटतं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने घरातल्या सर्वात ज्येष्ठ व्यक्तीशी बसून बोलावं, कुटुंब कुठून कुठे आलं, कोणते धंदे केले, कोणती भाषा बोलली हे विचारून यावं. आपण ते एकत्र वाचू. त्यात कोणाचं घराणं मोठं हे ठरवायचं नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.